बीर्ताबाईची सही

"अर्जदार बाईंच्या नवऱ्याचं नाव काय?" शिरस्तेदारानं विचारलं.

"काय," मी म्हटलं.

"नाव विचारतोय, बाई."

"तेच सांगतेय. काय. त्यांच्याकडे असतं असं नाव."

शिरस्तेदारानं चष्म्याच्या वरून माझ्यामागे उभ्या असलेल्या साडेसहा फुटी माणसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हसू दाबत अर्जावर लिहिलं: अर्जदार क्रमांक दोन, श्री. काय. बाकीचे कारकून खाली माना घालून हसत होते. त्या माणसाला वाटलं, आपलं स्वागत चाललंय. त्यानं सगळ्यांशी हस्तांदोलन केलं, दाराशी उभ्या असलेल्या शिपायाशीसुद्धा. मला शरम वाटली. त्याची नव्हे, मी त्याच्या सोबत उभी होते म्हणून.

हे सत्त्याऐंशी सालच्या जानेवारीतलं. मी अडतीस वर्षांची होते आणि आमच्या जिल्ह्याच्या गावी महिला महाविद्यालयात इंग्रजी शिकवत होते. गुळवणी वकिलांनी निरोप पाठवला होता, की डेन्मार्कहून एक जोडपं आलंय, अनाथाश्रमातली दोन भावंडं त्यांना न्यायची आहेत, जिल्हा न्यायालयात पालकत्वाचा अर्ज लावायचाय आणि दुभाषी हवा आहे. मी मोठ्या उत्साहानं हो म्हटलं होतं. परदेशातून कुणी येणार म्हणजे डॉक्टर, प्राध्यापक असं कुणीतरी येईल, चार चांगल्या गोष्टी बोलता येतील, असं मनात होतं. पहिल्या दिवशी मी नारायणपेठी नेसून गेले होते.

आणि भेटलं कोण? काय हा दुधाचा टँकर चालवायचा. त्याची बायको बीर्ता मासळीच्या कारखान्यात कामाला होती. दिवसभर पट्ट्यावरून मासे येत आणि ती त्यांची पोटं फाडून आतली घाण काढी. हे तिनं मला हातवारे करून दाखवलं, आमच्या पहिल्याच चहाच्या वेळी. माझ्या घरी अंडंही येत नसे.

पण त्याहून वाईट होतं त्यांचं इंग्रजी. मी एम.ए.ला विद्यापीठात दुसरी आलेली, आणि ज्या गोऱ्यांची मी दुभाषी होते त्यांना इंग्रजीच येत नव्हतं. बीर्ताला शंभर-दीडशे शब्द यायचे, तेही कसेही एकापुढे एक ठेवलेले. क्रियापदं ती बहुतेक घरीच ठेवून आली होती. तिचं बोलणं मराठीत सांगायचं तर असं होतं: "मी दोन मूल. तू सांग जज. मी थांब." संध्याकाळी घरी आल्यावर मी नवऱ्याला तिची नक्कल करून दाखवायची. तो पोट धरून हसायचा.

मुलं म्हणजे शेवंता आणि दगडू. शेवंता आठ वर्षांची, दगडू तीन. ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेली आई सरकारी दवाखान्यात बाळंतपणात गेली, मूलही गेलं. बाप त्याआधीच कुठंतरी निघून गेला होता. टोळीच्या मुकादमानं दोघांना आश्रमाच्या दारात आणून सोडलं. शेवंतानं भावाला कमरेवर घेतलं होतं, आणि आश्रमात दीड वर्ष झालं तरी ती त्याला खाली ठेवायला तयार नव्हती. तिची एक बाजू त्यामुळे कायमची वर उचललेली दिसायची.

दगडू या नावाचा अर्थ बीर्तानं मला विचारला. मी मुद्दाम सांगितला. म्हटलं, दगड. आमच्याकडे अडाणी लोक ठेवतात असली नावं. ती विचार करून म्हणाली, "चांगलं. जड. कोणी नेत नाही." मी ही गंमतसुद्धा घरी जाऊन सांगितली.

तारीख पडत गेली. कधी सरकारी अहवाल आला नाही, कधी न्यायाधीश रजेवर, कधी मुलांच्या वयाचा दाखला चुकीचा. तीन आठवड्यांनी कायची रजा संपली आणि तो परत गेला. बीर्ता बसस्थानकासमोरच्या लॉजमध्ये एकटी राहिली. आश्रमानं तिला रोज चार ते पाच एवढीच भेट ठरवून दिली होती. ती साडेतीनलाच येऊन फाटकाशी उभी राही. मी आठवड्यातून दोनदा जायचे, काही सांगायचं-विचारायचं असलं तर. खरं म्हणजे काहीच नसायचं. शेवंता तिच्याकडे पाठ करून बसायची आणि बीर्ता तिच्या पाठीकडे बघत तासभर फरशीवर बसायची. मला वाटायचं, यांना पोरं झाली नाहीत तर यांनी कुत्रं पाळावं, एवढ्या लांब येऊन हा तमाशा कशाला?

शेवंताचंही मत काही वेगळं नव्हतं. ती एकदा मला म्हणाली, "हिला काय बी येत न्हाई. पोराला उचलाया बी येत न्हाई." मी ते बीर्ताला भाषांतर करून सांगितलं, शब्दशः. असली वाक्यं भाषांतर करायला मला आवडत. बीर्तानं मान हलवली आणि म्हणाली, "तिला सांग, शिकव."

मग तिनं शिकायला सुरुवात केली. ती आश्रमाच्या स्वयंपाकघरात जाऊन बायकांबरोबर तांदूळ निवडायला बसू लागली. बायका तिला बीर्ताबाई म्हणायच्या. दगडूला खरूज झाली होती. आश्रमातल्या बायका लांबूनच मलम लावायच्या. बीर्ता त्याला मांडीवर घेऊन बोटाच्या बेचक्यांत मलम चोळत बसे. पंधरा दिवसांत खरूज तिलाही झाली. पांढऱ्या कातडीवर लाल फोड, आणि ती माझ्याशी बोलता बोलता कराकरा खाजवायची. मी माझी खुर्ची लांब ओढून घेतली. शेवंतानं मात्र ते हात जवळ येऊन नीट निरखून पाहिले.

"हिला बी झाली," ती म्हणाली आणि हसली. ती हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते. त्या दिवसापासून ती बीर्ताला शब्द सांगायला लागली. पाणी. भात. खाज. लौकर. चल. बीर्ता ते वेडेवाकडे म्हणायची आणि दोघं भावंडं खिदळायची. मला एक शब्दही भाषांतर करावा लागत नव्हता.

एप्रिल उजाडला. मेमध्ये न्यायालयाला उन्हाळ्याची सुटी लागते, महिनाभर काम बंद. बीर्ताच्या व्हिसाची मुदत वीस मेला संपत होती. सुटीच्या आधी हुकूम झाला नाही तर तिला हात हलवत परत जावं लागणार आणि पुन्हा येण्याइतकी रजा तिला मिळणार नव्हती. सोळा एप्रिलची तारीख पडली होती. तारखेच्या आधी चार दिवस वत्सलाताईंनी मला बोलावणं पाठवलं.

वत्सलाताई पोतनीस म्हणजे आश्रमाच्या विश्वस्त. गावातलं मोठं घर. त्या मला तोवर ओळखतही नव्हत्या. आश्रमाच्या कचेरीत त्यांनी मला कोचावर आपल्याशेजारी बसवलं. चहा चिनी मातीच्या कपांतून आला. त्यांनी माझ्या शिकवण्याची चौकशी केली, मग अगदी सहज म्हणाल्या, की त्यांच्या पुतणीच्या लग्नाला नऊ वर्षं झाली. जावयाचं कापडाचं दुकान आहे. त्यांनी दगडूला पाहिलं आणि मुलगा मनात भरला. मुलगी थोराड आहे, ती नको.

"आता तुम्हीच सांगा, मालतीताई," त्या म्हणाल्या. "आपला मुलगा आपल्या गावात, आपल्या भाषेत वाढला तर वाईट आहे का? आणि मुलीचं तिकडे सोनंच होईल. कुणाचंच नुकसान नाही."

मालतीताई. इतके दिवस मी सगळ्यांची अभ्यंकरबाई होते.

त्यांनी एक टंकलिखित कागद पुढे केला. त्यात मराठीत लिहिलं होतं, की अर्जदार क्रमांक एक ही केवळ कुमारी शेवंता हिच्यापुरताच अर्ज कायम ठेवत असून, मास्टर दगडू याच्याबाबतचा अर्ज स्वखुशीनं मागे घेत आहे. खाली सहीसाठी जागा.

"समजावून सांगत बसलात तर उगाच रडारड होईल," वत्सलाताई म्हणाल्या. "तिला कळण्यासारखं आहे का ते? सही झाली की पुढचं गुळवणी बघतील."

"त्यांना माहीत आहे?"

"वकिलांना माहीत असायची गरज काय? अर्जदाराची सही असली की झालं."

शेवंता दारात उभी होती, दगडूला कमरेवर घेऊन. आम्ही दोघींनीही तिला पाहिलं होतं. तिच्यासमोर बोलू नये असं आमच्या मनातही आलं नाही, मांजरासमोर बोलताना येत नाही तसं.

मी कागद घेऊन व्हरांड्यात गेले. बीर्ता फरशीवर बसून मेथी निवडत होती. मी तिला म्हटलं, इथं सही कर.

"काय कागद?"

मी म्हटलं, लवकर तारीख मिळावी म्हणून विनंतीचा अर्ज आहे.

तिनं कागद उलटा-सुलटा करून पाहिला. त्यातलं एक अक्षर तिला लागत नव्हतं. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "तू वाचलं?"

"मी वाचलं."

"मग मी सही."

तिनं मेथीचे हात स्कर्टला पुसले आणि शाळकरी मुलीसारखी, जीभ दातांत धरून, एकेक अक्षर काढत सही केली. कागदावर हिरवा डाग पडला. मग माझ्यामागे येऊन उभ्या राहिलेल्या शेवंताकडे आणि दगडूकडे बघून तिनं तीन बोटं वर केली आणि हसत म्हणाली, "लौकर. चल."

मी घरी गेले आणि जेवले. झोपही चांगली लागली, हेही सांगायला हवं. उलट, आपण एका मुलाला आपल्या देशात ठेवलं असं मला वाटत होतं.

सोळा तारखेला न्यायाधीशांनी आम्हाला दालनात बोलावलं. बुटके, सावळे, हळू बोलणारे गृहस्थ होते. निवृत्तीला आलेले. आत गुळवणी वकील, मी, बीर्ता आणि मुलं एवढेच होतो. वत्सलाताई बाहेरच्या बाकावर बसून होत्या. न्यायाधीशांनी कागद चाळले. तो टंकलिखित कागद आल्यावर त्यांनी वकिलांकडे पाहिलं. गुळवणींनी सकाळीच तो पाहिला होता आणि त्यांना राग आला होता, पण सही होती, ते काय बोलणार?

न्यायाधीशांनी शेवंताला जवळ बोलावलं आणि विचारलं, "तुला या बाईंबरोबर जायचंय का?"

"दगड्या येनार का?"

"तो इथंच राहील. त्याला इथले आईवडील मिळालेत."

शेवंतानं भावाला कमरेवर वर सरकवलं. ती रडली नाही. ती म्हणाली, "हिला ते ठावं न्हाई."

"काय ठाऊक नाही?"

"दगड्याला हितंच ठेवायचं ते. पोतनीसबाई आन् ही बाई बोलत होत्या, मी ऐकलं. मंग ह्या बाईनं हिची सही घेतली. हिला काय तरी दुसरंच सांगितलं."

न्यायाधीश म्हणाले, "इंग्रजीत सांगितलं असेल ना? तुला इंग्रजी कळतं?"

"न्हाई."

"मग दुसरं सांगितलं हे तुला कशावरून कळलं?"

"सही केल्यावर ही हसली," शेवंता म्हणाली. "तिघांची बोटं केली. म्हनली, लौकर चल. ठावं आसतं तर हसली आसती का?"

न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं. "अभ्यंकरबाई, आपण हा कागद यांना वाचून दाखवला होता?"

"होय साहेब."

"यात लिहिलंय तेच सांगितलंत?"

"होय," मी म्हटलं. माझा आवाज वर्गात असतो तसा स्वच्छ होता.

त्यांनी तो कागद बीर्तापुढे धरला आणि तिला इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून, विचारलं की या कागदात काय आहे.

"लवकर," बीर्ता म्हणाली. "कागद लवकर तारीख."

"मॅडम, यात लिहिलंय की तुम्हाला हा मुलगा नको. फक्त मुलगी हवी."

तिला ते समजायला वेळ लागला. मग समजलं. तिनं आधी दगडूकडे पाहिलं, मग कागदावरच्या हिरव्या डागाकडे, आणि मग माझ्याकडे. मी खिडकीकडे बघत होते, तरी मला ते जाणवलं. मला वाटलं, आता ही बोलणार. माझी नोकरी, माझं नाव, वर्तमानपत्रातली बातमी, महाविद्यालयातली कुजबुज, सगळं एका क्षणात माझ्या डोळ्यांपुढून गेलं.

"माझं इंग्रजी थोडं," बीर्ता न्यायाधीशांना म्हणाली. "ती बरोबर सांग. मी चूक समज. माझी चूक. मी दोन मूल."

न्यायाधीशांनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मला वाटलं, मीही काहीतरी बोलावं अशी ते वाट बघताहेत. मी पुन्हा खिडकीबाहेर पाहिलं. त्यांनी लेखणी उचलून त्या कागदावर एक तिरपी रेघ मारली, खाली आपली सही केली आणि लघुलेखकाला बोलावलं. दोन्ही मुलांचं पालकत्व अर्जदारांना देण्याचा हुकूम त्यांनी तिथंच सांगितला. गुळवणी वकिलांनी खिशातून रुमाल काढून घाम पुसला.

बाहेर येताना वत्सलाताई उठून माझ्याजवळ आल्या. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता गाडीत जाऊन बसल्या. पुन्हा त्यांनी मला कधी ओळख दाखवली नाही.

न्यायालयाच्या पायऱ्यांवर मी बीर्ताला गाठलं. मला वाटलं होतं, या बाईचं मन मोठं आहे, आपण तिचे हात धरावेत, तिनं आपल्याला माफ केलंय. मी माझ्या चांगल्या इंग्रजीत, पूर्ण वाक्यांत, तिचे आभार मानू लागले. म्हटलं, तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते मी विसरणार नाही.

तिनं मला थांबवलं.

"तुझ्यासाठी नाही," ती म्हणाली. "मी सांग तू खोटं, जज राग. मग नवी बाई. मग नवी तारीख. माझा दिवस नाही." तिनं पुढचा शब्द शोधायला थोडा वेळ घेतला. तिला मिळाला तो शब्द साधा होता, 'स्मॉल', आणि तिनं तो बरोबर वापरला. "तू लहान आहेस," ती म्हणाली. "तुझ्यासाठी एक दिवस पण नाही."

मग ती मुलांना घेऊन रिक्षात बसली.

त्यानंतर पासपोर्टचे अर्ज भरायचे होते, वैद्यकीय दाखले होते. ते काम गुळवणींनी मलाच सांगितलं. त्यांना काय समजलं होतं ते त्यांनी कधी दाखवलं नाही, फक्त त्या दिवसापासून मला "बसा" म्हणायचं त्यांनी सोडलं. मी आश्रमात जायचे, बीर्ता मला हवी ती माहिती द्यायची, सह्या करायची. प्रत्येक सहीच्या आधी ती कागद शेजारच्या टपालकचेरीतल्या एका कारकुनाकडे नेऊन त्याच्याकडून वाचून घ्यायची. तो दहावी झालेला होता. मी व्हरांड्यात उभी राहून ती येईपर्यंत वाट बघायची.

गावात मात्र माझी वाहवा झाली. डेन्मार्कच्या बाईला अभ्यंकरबाईंनी भावंडं मिळवून दिली, असं लोक म्हणू लागले. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात प्राचार्यांनी माझा उल्लेख केला. टाळ्या वाजल्या. मी उठून नमस्कार केला. आज मी शहात्तर वर्षांची आहे. नवरा गेला. त्यालाही मी यातलं काही सांगितलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी, म्हणजे चौदा मेला, मी पासपोर्ट पोचवायला गेले. बीर्ता आत सामान बांधत होती. शेवंता व्हरांड्यात दगडूला बूट घालत होती. तो आयुष्यात पहिल्यांदा बूट घालत होता आणि डावा-उजवा उलटा झाला होता. मी तो सरळ करायला वाकले, तर तिनं माझा हात बाजूला केला आणि स्वतःच सरळ केला.

मग तिनं विचारलं, "तुमी येनार का आमच्याबर?"

मला भरून आलं. मला वाटलं, एवढं सगळं होऊनही पोरीला तिकडे परक्या मुलखात कुणीतरी ओळखीचं हवंय, आपली भाषा बोलणारं. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हटलं, "नाही गं बाळ. मला नाही येता यायचं."

"नक्की न्हाई?"

"नक्की नाही."

तिनं सुटकेचा श्वास सोडला. दगडूला उचलून कमरेवर घेतलं आणि दाराकडे तोंड करून आत हाक दिली, "न्हाई येनार गं ही."

आतून बीर्ता म्हणाली, "बरं. चल, लौकर."